खोलीतली स्वतंत्र अर्धी भिंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हॉल आणि जेवणाची जागा वेगळी व्हावी, दार उघडल्याबरोबर स्वयंपाकघर नजरेला पडू नये, किंवा मोठ्या खोलीतच अभ्यासाचा एक कोपरा निघावा, म्हणून छतापर्यंत न जाणारी अर्धी भिंत अनेक जण घालून घेतात. काम छोटे दिसते, त्यामुळे ते फारसा विचार न करता दोन दिवसांत उरकले जाते आणि वर्षभरात पायथ्याशी चीर दिसू लागते. साइटवर घरमालकांकडून आणि गवंड्यांकडूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वेगळे सांगितले नसेल तेथे साडेतीन फूट उंच आणि पाच फूट लांब भिंत धरली आहे.

अर्धी भिंत आणि नेहमीची भिंत यांत बांधकामाच्या दृष्टीने फरक काय?

नेहमीच्या भिंतीला चारही अंगांनी आधार मिळतो. खाली स्लॅब असतो, वर बीम असतो आणि दोन्ही बाजूंना कॉलम किंवा आडवी भिंत असते, त्यामुळे चार इंची भिंतसुद्धा वर्षानुवर्षे निमूट उभी राहते. अर्ध्या भिंतीला वरचा आधार नसतो, एक टोक तर नेहमीच मोकळे असते, आणि ती खोलीच्या मध्यावर असेल तर दोन्ही टोके मोकळी असतात. सगळा भार पायथ्यावर येतो. म्हणून तिला पूर्ण भिंतीचा छोटा तुकडा समजून बांधणे चूक आहे. बांधकाम म्हणून तिचे नाते गच्चीच्या कठड्याशी अधिक आहे.

भिंत जितकी जड तितकी ती पक्की, हे खरे आहे का?

हा समज सर्वाधिक आढळतो आणि नुकसानही तोच सर्वाधिक करतो, म्हणून येथे थोडे गणित मांडतो. आपण धरलेल्या मापाची चार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह साधारण ४०० किलोंची होते. एवढे वजन जागचे हलणार नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. पण भिंत उलटते ती आपल्या खालच्या कडेवर, आणि तिचे वजन त्या कडेपासून जेमतेम ६.७ सेंटिमीटरवर, म्हणजे अर्ध्या जाडीइतक्या अंतरावर असते. माणसाचा रेटा मात्र जमिनीपासून १०५ सेंटिमीटर उंचीवर लागतो. ४०० ला ६.७ ने गुणून १०५ ने भागले की उत्तर येते सुमारे २५ किलो. पायथ्याची पकड सुटलेली असेल तर एवढ्याच रेट्याला ४०० किलोंची भिंत कडेवर उचलू लागते. भिंतीला टेकून एका पायावर उभे राहून चप्पल घालणारा माणूस एवढा रेटा सहज देतो. सिपोरेक्सची, म्हणजे एएसी या हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची, चार इंची भिंत १८० किलोंच्या आसपास भरते आणि तिच्यासाठी हाच आकडा दहा-अकरा किलोंवर येतो.

उंची वाढवून यात काहीही सुधारत नाही, कारण वजन जेवढे वाढते तेवढीच रेट्याची उंचीही वाढते आणि हिशेब जागच्या जागी राहतो. जाडी दुप्पट केली तर वजनही दुप्पट आणि कडेपासूनचे अंतरही दुप्पट, म्हणून ताकद चौपट होते. परंतु खोलीत नऊ इंची भिंत घालणे म्हणजे जागा घालवणे आणि स्लॅबवर आठशे किलो लादणे होय. तेव्हा उरतात मुख्यतः दोन उपाय : पायथा स्लॅबशी सळईने बांधून घेणे आणि भिंतीला काटकोनात वळण देणे. सिमेंटच्या सांध्याची चिकट आहे असे कोणी म्हणेल, पण त्या चिकटीवर भरवसा ठेवू नये. सांधा दाब उत्तम घेतो, ओढ मात्र फारच थोडी घेतो, आणि अर्ध्या भिंतीच्या पायथ्याशी नेमकी ओढच येते.

फ्लॅटच्या स्लॅबवर विटांची अर्धी भिंत चालेल का?

भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरून आखलेला असतो. विटांची अर्धी भिंत दर मीटर लांबीला सुमारे २७० किलो वजन एका अरुंद पट्टीत टाकते, आणि ते कायमचे असते. एवढ्याने स्लॅब लगेच खचत नाही. पण त्याच जागी पुस्तकांचे भरलेले कपाट आणि ग्रॅनाइटचे टेबल आले की सुरक्षिततेसाठी ठेवलेला वाव आपण खाऊ लागतो. म्हणून वरच्या मजल्यावर विटांची भिंत फक्त बीमवर येत असेल तरच घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीम कोठे आहे हे ओळखण्याची सोपी रीत अशी की आपल्या खोलीच्या छताकडे पाहावे. बहुतेक इमारतींत सगळ्या मजल्यांचा नकाशा एकसारखा असतो, त्यामुळे आपल्या छताला जेथे बीम दिसतो त्याच रेषेत आपल्या फरशीखालीही तो असण्याची शक्यता मोठी असते. खात्रीसाठी सोसायटीकडे असलेला स्ट्रक्चरल नकाशा पाहावा.

एका जागेबद्दल मात्र तडजोड नको. हॉल मोठा करण्यासाठी बाल्कनी आत घेतलेली असेल, तर त्या भागाचा स्लॅब बहुधा एकाच बाजूने धरलेला, बाहेर लटकणारा असतो. त्याच्या टोकाशी विटांची किंवा ब्लॉकची भिंत घालू नये.

मग कशाची करावी : विटा, सिपोरेक्स की लोखंडी फ्रेम?

तळमजल्यावर किंवा बीमवर विटांची करायला हरकत नाही. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या मधोमध येणारी भिंत सिपोरेक्सची करावी, पण तिला काँक्रीटची चौकट हवीच. नुसते ब्लॉक एकावर एक चिकटवून पक्की अर्धी भिंत होत नाही. सर्वांत हलका पर्याय लोखंडी स्क्वेअर पाइपच्या फ्रेमवर प्लाय किंवा सिमेंट बोर्ड लावण्याचा असून, आपल्या मापाची अशी भिंत ५० ते ६० किलोंत होते. तिला पाणी मारावे लागत नाही, राडारोडा कमी होतो आणि पुढे कधी काढायची झाली तर दुपारभरात निघते.

जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनसाठी जे पातळ पत्र्याचे चॅनेल मिळतात, ते छताला आणि जमिनीला असे दोन्हीकडे धरण्यासाठी बनवलेले असतात. फक्त जमिनीला धरलेल्या अर्ध्या भिंतीत ते एकट्याने वापरले तर वरची कड हातासरशी डुलते. जिप्सम बोर्ड लावायचाच असेल तर आत दोन्ही टोकांना आणि दर दोन फुटांवर जाड पाइपचे उभे खांब घालावेत.

असलेल्या टाइल्सवरच भिंत उभी केली तर काय बिघडते?

काही वर्षांपूर्वी कोथरूडमधल्या एका घरी अशी भिंत पाहायला मला बोलावले होते. बांधून आठ महिने झाले होते. रंगकाम सुरेख होते आणि वर काळा ग्रॅनाइट बसवला होता. मी त्या ग्रॅनाइटवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि भिंतीच्या मोकळ्या टोकाला तळहाताने हलके दाबले. तांब्यातल्या पाण्यावर लगेच वर्तुळे उठली. खाली स्कर्टिंगची पट्टी काढून पाहिली तर भिंतीचा पहिला थर आणि टाइल यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरळ आत गेले, पार दुसऱ्या बाजूपर्यंत. घरात पाच वर्षांचा मुलगा होता आणि तो रोज त्या भिंतीवर चढून बसत असे. ती भिंत त्याच आठवड्यात उतरवली.

गुळगुळीत, चकाकणाऱ्या विट्रिफाइड टाइलवर सिमेंटचा माल धरत नाही, हे याचे कारण. टाइल पाणी शोषत नाही आणि मालाला रुतायला खडबडीत जागा मिळत नाही. त्यातही टाइल स्लॅबवर थेट बसवलेली नसते. मध्ये दीड-दोन इंचांचा मालाचा थर असतो, आणि तो बहुतेक ठिकाणी भुसभुशीत आणि जागोजागी पोकळ असतो. बोटाच्या पेराने टाइल ठोकली की तो पोकळ आवाज ऐकू येतो. म्हणून भिंतीच्या जाडीपेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जास्त अशी पट्टी कटरने कापून, टाइल आणि खालचा माल पूर्ण काढून, मूळ स्लॅबचे काँक्रीट उघडे करावे. लोखंडी फ्रेमसाठी संपूर्ण पट्टी काढण्याची गरज नाही, फक्त बेस प्लेटच्या, म्हणजे खांबाच्या तळाशी असलेल्या आणि स्लॅबला बोल्टने धरायच्या लोखंडी प्लेटच्या, जागा उघडाव्यात.

स्लॅबमध्ये ड्रिल केल्याने धोका नाही का? किती खोल जावे?

धोका आहे, पण तो ओळखून टाळता येतो. आपल्या फरशीखालचा स्लॅब म्हणजे खालच्या घराचे छत, आणि त्यांच्या पंख्याच्या व दिव्यांच्या वायरीचे पाइप त्याच काँक्रीटमध्ये पुरलेले असतात. खालच्या घरी जाऊन पंख्याचा हूक आणि दिव्यांचे पॉइंट कोठे आहेत ते मोजून घ्यावे, ते आपल्या फरशीवर खडूने उतरवावेत आणि पॉइंटपासून स्विचबोर्डाकडे जाणारी सरळ रेषा टाळावी. ड्रिलच्या वेळी त्यांना मेन स्विच बंद ठेवण्याची विनंती करावी. शेजाऱ्यांना आधी सांगून केलेले काम सगळ्यांनाच सोयीचे जाते.

स्लॅबची जाडी बहुधा पाच-सहा इंच असते. सळईसाठी उघड्या काँक्रीटमध्ये अडीच ते तीन इंच खोल भोक पुरे होते. त्याहून खोल जाऊ नये. ड्रिलच्या पात्याला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळली की कारागिराला अंदाजावर राहावे लागत नाही. भोक टाइलवरूनच पाडत असाल तर माप टाइलच्या पृष्ठभागापासून धरू नये, कारण पहिले दोन-अडीच इंच टाइल आणि भुसभुशीत माल यांतच जातात, आणि स्लॅबपर्यंत न पोहोचलेला बोल्ट काहीच धरत नाही. खालचे काँक्रीट लागल्याचे हाताला कळते : पाते अडते, आवाज बदलतो, आणि दाणेदार भुशाऐवजी पिठासारखी बारीक राखाडी पूड येऊ लागते. मध्येच सळई लागली तर ती कापू नये, भोक इंच-दीड इंच सरकवावे.

काही नव्या उंच इमारतींत स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचे, म्हणजे आत ताणलेल्या केबली असलेले असतात. अशा इमारतीत बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही भोक पाडू नये. बाथरूमलगतच्या भागातही वॉटरप्रूफिंग फुटण्याची भीती असल्याने ड्रिल टाळावे.

सळई स्लॅबमध्ये पक्की कशी बसवतात?

दर दीड ते दोन फुटांवर एक, आणि मोकळ्या टोकापासून चार इंचांवर एक, अशा १० मिलिमीटरच्या सळया घ्याव्यात. भोक सळईपेक्षा थोडे मोठे, १२ ते १४ मिलिमीटरचे असते आणि त्यात रासायनिक अँकरचा, म्हणजे सळई काँक्रीटला चिकटवणारा, मसाला भरून सळई फिरवत फिरवत आत घालतात. येथे काम बिघडते ते एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे भोकातील पूड. पूड राहिली तर मसाला काँक्रीटला न चिकटता पुडीला चिकटतो आणि सळई हाताने उपसून येते. म्हणून पंपाने हवा मारायची, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा मारायची, आणि पूड येणे थांबेपर्यंत हे करत राहायचे. कारागीर कंटाळा करतात. घरमालकाने याच वेळी समोर उभे राहावे. मसाला सुकण्याची वेळ पाकिटावर लिहिलेली असते, तोवर सळईला हात लावू नये.

मोकळे टोक हलू नये म्हणून काय करता येईल?

अर्ध्या भिंतीचा कस लागतो तो येथेच. भिंतीला जोडलेले टोक सहसा हलत नाही. मोकळे टोकच डुलते, चीर तेथूनच सुरू होते, आणि मुले लोंबकळतात तेही तेथेच. त्यावरचे उपाय मला पसंत असलेल्या क्रमाने सांगतो.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे टोकाशी भिंत काटकोनात वळवणे. दीड ते दोन फुटांचे वळण पुरते. पोस्टकार्ड उभे करायला गेले की पडते, पण मधून दुमडले की उभे राहते, तसाच हा प्रकार आहे : मुख्य भिंतीला जाडीच्या दिशेने रेटले की वळणाला स्वतःच्या लांबीच्या दिशेने उलटावे लागते, आणि तेथे आधाराचे अंतर सहा-सात सेंटिमीटर न राहता फुटभर होते. या वळणात चपलांचा कप्पा, देवघराची बाजू किंवा बसायचा ओटा सहज बसतो, म्हणून ते वाया जात नाही. दोन्ही भागांचे थर कोपऱ्यात एकमेकांत गुंफलेले असावेत. आधी एक भिंत आणि मग तिला टेकवून दुसरी असे केले तर वळणाचा उपयोग निम्म्याने कमी होतो.

वळणाला जागा नसेल तर टोकाशी छतापर्यंत जाणारा एक बारीक खांब घ्यावा. दोन इंची पाइप वर स्लॅबला आणि खाली स्लॅबला प्लेटने धरला की भिंतीला वरचा आधार मिळतो आणि हिशेबच बदलतो. लाकडी आच्छादन केले तर तो खांब जुन्या घरातल्या खांबासारखा शोभूनही दिसतो.

हे दोन्ही नको असेल तर टोकाशी काँक्रीटचा छोटा कॉलम घालावा. चार बाय सहा इंचांचा, खाली स्लॅबमध्ये बसवलेल्या दोन सळया, त्यांना सहा-सहा इंचांवर रिंगा, आणि वर भिंतीच्या माथ्यावर जाणाऱ्या तीन इंची काँक्रीट पट्ट्यात त्या सळया वळवून घेतलेल्या. खाली पट्टा, टोकाशी कॉलम आणि वर पट्टा अशी चौकट झाली की आतले ब्लॉक फक्त भराव म्हणून राहतात. पाच फुटांपेक्षा लांब भिंतीला मध्येही असा एक कॉलम द्यावा.

दुसरे टोक जुन्या भिंतीला कसे जोडावे?

जुन्या भिंतीवरचा रंग आणि गिलावा त्या पट्टीत काढून टाकावा आणि वीट किंवा काँक्रीट उघडे करून त्यावर टाचे मारावेत. दर तिसऱ्या थराला ६ किंवा ८ मिलिमीटरची सळई जुन्या भिंतीत तीन-चार इंच रोवून नव्या सांध्यात फूट-दीड फूट चालवावी. गिलावा करताना सांध्यावर सहा इंच रुंदीची चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, लावली नाही, तर तेथे उभी चीर हमखास येते. जुने टोक कॉलमला भिडत असेल तर कॉलम फोडून दात काढू नयेत. कॉलमला भोक पाडण्यापूर्वी इंजिनिअरला विचारावे.

ब्लॉकच्या भिंतीचे काम कोणत्या क्रमाने चालते आणि किती दिवस लागतात?

आखणी खडूने न करता सुतळीने करावी आणि गुण्या लावून काटकोन तपासावा. खोलीच्या भिंती स्वतःच काटकोनात नसतात, म्हणून आपली नवी रेषा टाइलच्या सांध्याशी समांतर ठेवलेली डोळ्याला बरी दिसते. फरशीची पट्टी कापणे, सळया बसवणे आणि खालचा चार इंची काँक्रीट पट्टा ओतणे यांत पहिले दोन दिवस जातात. काँक्रीट एक-दीड-तीन (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाचे असावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ब्लॉक चढतात. विटा असतील तर त्या आधी पाण्यात भिजवाव्या लागतात, नाहीतर मालातले पाणी त्या ओढून घेतात. चार इंची कामाला माल एकास चार (एक सिमेंट, चार वाळू) घ्यावा आणि दर तिसऱ्या थरात दोन बारीक सळया आडव्या घालाव्यात. सिपोरेक्स उलट भिजवायचा नसतो, फक्त पृष्ठभागावरची धूळ ओल्या ब्रशने पुसायची आणि ब्लॉक जोडण्याच्या खास मसाल्याचा दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवायचा. प्रत्येक दोन थरांनंतर ओळंबा धरावा. त्यानंतर कॉलम आणि वरचा पट्टा.

पुढे घाई करू नये. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, दहा दिवस पाणी मारणे आवश्यक असते, आणि बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट आता पीपीसीच असते. घरात राहून काम चालू असेल तर काँक्रीटला ओले गोणपाट गुंडाळून ठेवले की फरशीवर पाणी वाहत नाही. गिलावा सुकून मग पुट्टी आणि रंग धरले तर सर्व मिळून तीन ते चार आठवडे सोडावेत. जून ते सप्टेंबर या काळात पुण्याच्या दमट हवेत गिलावा बाहेरून कोरडा दिसतो आणि आत ओला राहतो. त्यावर पुट्टी मारली की पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात आणखी दोन आठवडे धरावेत किंवा लोखंडी फ्रेमचा पर्याय घ्यावा.

लोखंडी फ्रेमच्या भिंतीत विशेष काय पाहावे?

दोन इंची स्क्वेअर पाइप, किमान दोन मिलिमीटर जाडीचा. बेस प्लेट सहा मिलिमीटरपेक्षा पातळ नको, आठची असल्यास उत्तम. पातळ प्लेट वाकते आणि बोल्ट घट्ट असूनही भिंत डुलते. भिंतीची जाडी चार इंच असल्याने प्लेटही तेवढीच रुंद होते आणि बोल्टांमधले अंतर कमी पडते, त्यामुळे फ्रेमच्या भिंतीला काटकोनी वळण किंवा छतापर्यंतचा खांब विटांच्या भिंतीपेक्षाही जास्त गरजेचा आहे. वेल्डिंग पाइपच्या चारही बाजूंनी भरलेले असावे. नुसते टाके मारून सोडलेले चालणार नाही. प्लाय लावण्याआधी वेल्डिंग आणि सांध्यांवर रेड ऑक्साइड लावून घ्यावे. पोकळीत खडखड आवाज येतो अशी तक्रार असते. आत रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, भरल्याने ती पुष्कळ कमी होते.

पाइप आणि प्लायसाठी भवानी पेठेतले टिंबर मार्केट आणि परिसर, बोल्ट-फास्टनरसाठी रविवार पेठ आणि वायरिंगच्या सामानासाठी तपकीर गल्ली, अशी पुणेकरांची जुनी वाट आजही उपयोगी आहे. फास्टनर मात्र वजनावर मिळणारे स्वस्त घेऊ नयेत.

उंची किती ठेवावी?

बसलेल्या माणसाला आडोसा हवा असेल तर साडेतीन फूट पुरतात. चार फुटांच्या वर गेल्यास टोकाचा खांब किंवा वळण टाळण्याची मुभा राहत नाही. अडीच फुटांची भिंत मुलांना बसायला बोलावते, हे लहान मुलांच्या घरी लक्षात घ्यावे.

भिंतीत स्विच आणि प्लग घेता येतील का?

घेता येतील, पण पाइप बांधकामाबरोबरच घालावेत. चार इंची भिंत पूर्ण झाल्यावर तिच्यात आडवी झिरी मारणे म्हणजे ती अर्ध्या जाडीवर आणणे होय. कन्सिल्ड बॉक्स सुमारे दोन इंच खोल असतो, म्हणून दोन्ही बाजूंचे बॉक्स पाठीला पाठ लावून एकाच जागी घेऊ नयेत. टोकाच्या कॉलममध्ये बॉक्स अजिबात नको.

वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा बसवून जेवणाचा कट्टा करायचा आहे. चालेल?

दगड दोन्ही बाजूंना सारखा, दोन-तीन इंच बाहेर असेल तर अडचण नाही. एका बाजूला फूटभर बाहेर काढला की त्याचे वजन आणि त्यावर कोपर टेकणाऱ्यांचा भार भिंतीला सतत एकाच दिशेला ओढतो. अशा वेळी दगडाच्या मोकळ्या कडेखाली जमिनीपर्यंतचा पाय द्यावा. टीव्हीबाबतही हेच, हलका टीव्ही ब्लॉकला योग्य गिट्ट्या वापरून लावता येतो, पण हात बाहेर ओढता येणारा स्टँड अर्ध्या भिंतीवर नको.

पेठेतल्या जुन्या वाड्यात माडीवर अशी भिंत घालता येईल का?

विटांची किंवा ब्लॉकची नाही. माडीची जमीन लाकडी तुळयांवर आणि कडीपाटावर असते, वर मातीची भर असते, आणि लाकूड कोठे वाळवीने किंवा ओलीने पोकळ झाले आहे ते वरून कळत नाही. फक्त हलकी लाकडी फ्रेम, ती कड्यांना आडवी, म्हणजे वजन अनेक कड्यांवर वाटले जाईल अशी घ्यावी. आधी खालून प्रत्येक कडी टोचून पाहावी. वाडा मोडकळीस आला असेल तर हे काम हाती घेऊ नये.

बंगल्याच्या तळमजल्यावर तर स्लॅबच नाही. तेथे काय करावे?

तेथे फरशीखाली पातळ काँक्रीट आणि त्याखाली मुरमाची भर असते. भर बसते तशी भिंतही एका बाजूला कलते. फरशी काढून फूट-दीड फूट खोल चर घ्यावा, तळ धुम्मसने चांगला ठोकावा, दीड फूट रुंद आणि सहा इंच जाड काँक्रीटची पट्टी सळयांसह ओतावी आणि भिंतीच्या उभ्या सळया त्या पट्टीतूनच वर काढाव्यात. खाली काळी माती लागली तर ती काढून मुरूम भरावा, कारण ती ओलीने फुगते आणि सुकल्यावर आकसते.

परवानगी लागते का?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार केवळ इमारतीच्या आतल्या भागापुरत्या फेरफाराला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. याचा अर्थ कॉलम, बीम किंवा स्लॅब फोडायला मोकळीक आहे असा नाही. गृहनिर्माण सोसायटीला मात्र लेखी अर्ज करून समितीची संमती घ्यावी, आणि सोबत भिंतीचे साधे रेखाचित्र, साहित्य आणि अंदाजे वजन जोडावे. वजनाचा आकडा दिलेला अर्ज लवकर मंजूर होतो, असा माझा अनुभव आहे. इमारत नवी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते, आणि आपण केलेल्या ड्रिलिंगचे कारण पुढे करून ती नाकारली जाऊ नये म्हणून कामाआधीचे, भोके पाडतानाचे आणि नंतरचे फोटो तारखेसह जपावेत.

पुण्यात भूकंपाचा विचार एवढ्या भिंतीसाठी करावा का?

करावा. २०१६ च्या भारतीय मानकानुसार पुणे भूकंप क्षेत्र ३ मध्ये येते, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्यातही जाणवला होता. इमारत हादरते तेव्हा वरच्या मजल्यांवर हेलकावा जास्त असतो, आणि नुसत्या वजनावर उभी असलेली भिंत अशा वेळी आडवी पडते. अर्धी भिंत पलंगाच्या उशाशी असेल तर तिच्या पायथ्यातल्या सळयांबाबत कोणतीही काटकसर करू नये.

काम संपल्यावर भिंत पक्की झाली हे कसे तपासावे?

काँक्रीटला किमान तीन आठवडे होऊ द्यावेत. मग भिंतीच्या माथ्यावर, मोकळ्या टोकाशी, काठोकाठ भरलेले भांडे ठेवून दोन्ही तळहातांनी हळूहळू जोर वाढवत भिंत रेटावी. एका माणसाने नेट लावला तरी पाणी सांडू नये आणि पायथ्याशी केसाएवढीही फट दिसू नये. जोर एकदम देऊ नये आणि समोरच्या बाजूला कोणी उभे नसावे. टोकाला स्कर्टिंग बसवण्याआधीच ही तपासणी करावी, म्हणजे पायथा उघडा दिसतो. त्याच वेळी पायथ्याच्या सांध्यावर पेन्सिलीने दोन-तीन ठिकाणी सांधा ओलांडणारी रेघ मारून तारीख लिहावी आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ती रेघ तुटली आहे का ते पाहावे. रेघ तुटलेली आढळली तर तिच्यावर पुट्टी न भरता, तेथली टाइल काढून सळईची पकड तपासून घ्यावी.